विश्लेषण : टीव्हीवर काळ्या पट्ट्या का येतात? अतिरुंद टीव्ही का टिकले नाहीत?

हल्लीचे बरेचसे मोबाइल आडवे धरले की पडदा २०:९ असतो. त्यामुळे सिनेमास्कोप चित्रपट त्यावर जवळपास पूर्ण मावतो. तोच चित्रपट घरच्या टीव्हीवर लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. मग कोणीतरी रिमोटवरून ‘झूम’ करते आणि पट्ट्यांसोबत चित्राचा पाव भागही जातो.

चौकट कशी बदलत गेली?

गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगररांगेचा फोटो घ्यायचा तर फोन आडवा धरावा लागतो, जंगलातला एखादा उंच साग टिपायचा तर उभा. रुंदी आणि उंचीचे हे प्रमाण म्हणजेच चित्राचे गुणोत्तर. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) ४:३च्या आसपासच्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीतला. पुढे अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोहोचला आणि प्रेक्षक परत आणण्यासाठी हॉलिवूडने पडदाच रुंद केला. १९५३ मध्ये ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. खास भिंगाने चित्र आडवे आवळून फिल्मवर घ्यायचे, प्रोजेक्टरच्या भिंगाने पुन्हा पसरायचे, अशी ती युक्ती.

भारतातला पहिला सिनेमास्कोप म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९). रिकाम्या स्टुडिओत तिरका उतरणारा तो प्रकाशझोत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांचा. त्या दृश्यात पात्रांभोवतीची मोकळी जागाच सगळे सांगते. झूममध्ये नेमकी तीच कापली जाते.

मग टीव्ही १६:९च का?

ती तडजोड आहे. ४:३ आणि २.३५:१ यांच्या मधले, दोघांनाही सारखेच गैरसोयीचे (किंवा सोयीचे म्हणा) असे ते प्रमाण. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण ४८ इंच, उंची २७. त्यावर स्कोप चित्रपट २० इंच उंचीचा दिसतो, म्हणजे वर-खाली साडेतीन-साडेतीन इंच काळे. ‘संत तुकाराम’ लावला तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच.

अतिरुंद टीव्हीचे काय झाले?

फिलिप्सने २००९ मध्ये ५६ इंची २१:९ टीव्ही आणला, २०१२ मध्ये अमेरिकेत व्हिझिओने. दोन्ही फार काळ टिकले नाहीत. कारण घरात दिवसभर चालतात त्या मालिका, बातम्या आणि क्रिकेट, सगळे १६:९. ‘संत तुकाराम’ला तर अशा पडद्याचा जवळपास ४४ टक्के भाग काळा राहतो. शिवाय डिस्क किंवा ओटीटीवरचा स्कोप चित्रपट सहसा १६:९ चौकटीत पट्ट्यांसकटच येतो. फुल एचडीच्या १,०८० ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राच्या सुमारे ८१०. टीव्ही त्याच ताणून पडदा भरणार, आणि खालच्या पट्टीतली सबटायटल्स बाहेर जाणार. आज २१:९ पडदे दिसतात ते मुख्यतः संगणकाच्या मॉनिटरमध्ये.

त्यामुळे सिनेमासाठी टीव्ही घेणाऱ्याने ‘२१:९’ शोधण्यापेक्षा बसायला जागा असेल तर मोठा १६:९ घ्यावा. ६५ इंचीवर स्कोप चित्राची रुंदी साधारण ५७ इंच मिळते. पिक्चर साइज ‘ओरिजिनल’ किंवा ‘१६:९’ ठेवावा; ‘झूम’ आणि ‘स्ट्रेच’ बंद. ओलेडवर पट्ट्या खऱ्या काळ्या दिसतात. साध्या एलईडी टीव्हीवर अंधारात त्या राखाडी वाटतात. तेव्हा टीव्हीच्या मागे एक मंद दिवा लावला तर त्या बऱ्याच कमी खटकतात.