शांघायच्या धक्क्यावर मुंबईचा पैसा

भारत-चीन थेट विमानं सुरू झाल्याची बातमी आता सगळ्यांच्या वाचनात आली आहे. २०२०च्या सुरुवातीला थांबलेली ही वाहतूक २६ ऑक्टोबर २०२५च्या रात्री कोलकाता-ग्वांगझू विमानाने पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबरात शांघाय-दिल्ली जोडलं गेलं. एअर इंडियाने दिल्ली-शांघायसाठी फेब्रुवारी २०२६चा मुहूर्त जाहीर केला, तेव्हा मुंबई-शांघाय सेवेचाही मनोदय सांगितला. चर्चा झाली ती सीमेची, व्यापारातल्या तुटीची आणि व्हिसाची. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो मुंबई-शांघायचा उल्लेख. या दोन बंदरांचं जुनं, बऱ्यावाईटाचं नातं आहे आणि शांघायमध्ये ते आजही दिसतं. फक्त त्यासाठी पायी हिंडावं लागतं.

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात शांघाय म्हणजे उंच टॉवर, रात्रीची बोट, मॅग्लेव्ह रेल्वे आणि खरेदी. बस दारात सोडते, झेंडा धरलेला गाइड पुढे चालतो आणि रात्री भारतीय जेवण मिळतं. आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर हे सोयीचंच आहे. पण दोघंच असाल, पायांत ताकद असेल आणि दोघांचं सामान दोन सॅकमध्ये मावत असेल, तर शांघायसारखं शहर नाही. मी आणि नवरा असेच गेलो होतो, थेट विमान नव्हतं तेव्हा, बँकॉकमार्गे. आम्हाला जे हवं होतं, ते बसच्या खिडकीतून दिसलंच नसतं.

आधी तयारीचं थोडक्यात. चीन ५५ देशांच्या नागरिकांना २४० तासांचा विनाव्हिसा थांबा देतो, त्यात भारत नाही. तेव्हा व्हिसा काढूनच निघायचं. अलीपे किंवा वीचॅट निघण्याआधीच फोनवर घेऊन आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड त्याला जोडून ठेवावं, कारण रस्त्यावरची फळवालीसुद्धा क्यूआर कोडच पुढे करते. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, आपल्या सिमवरच्या रोमिंगवर चालतात. पासपोर्ट कायम जवळ ठेवायचा, संग्रहालयापासून रेल्वेपर्यंत सगळीकडे तो लागतो. मेट्रोचा पहिला मार्ग १९९३चा. आज जाळं ८०० किलोमीटरच्या पुढे गेलं आहे आणि कमीत कमी तिकीट तीन युआन, म्हणजे चाळीस रुपयांच्या आसपास. प्रत्येक स्टेशनात सॅक तपासणीच्या यंत्रातून जाते, त्यामुळे ती हलकी असलेली बरी.

आता वायतान. हुआंगपू नदीच्या पश्चिम काठावरचा हा दीडेक किलोमीटरचा रस्ता इंग्रजांच्या काळापासून बंड म्हणून जगभर ठाऊक आहे. ओळीने दगडी इमारती, समोर नदी, पलीकडे पुडोंगचे मनोरे. सगळे नदीकडे तोंड आणि इमारतींकडे पाठ करून फोटो काढतात. आम्ही पाठ फिरवली. नानजिंग रोड जिथे नदीला भेटतो तिथे हिरव्या तांब्याचं टोकदार छप्पर असलेली दहा मजली इमारत आहे. आज ते पीस हॉटेल. १९२९ साली ती उघडली तेव्हाचं तिचं नाव ससून हाऊस आणि तिच्यातल्या हॉटेलचं नाव कॅथे.

ससून. पुण्यात हे नाव उच्चारलं की रुग्णालय आठवतं आणि कुलाब्यात मासळीचा डॉक. हे तेच ससून. डेव्हिड ससून १८३२च्या सुमारास बगदादकडून मुंबईला आले आणि १८६४ साली पुण्यात वारले. पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची कबर आहे. त्यांनी आपला मुलगा इलियास याला १८४४ मध्ये चीनला पाठवलं. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२चा नानकिंगचा तह झाला होता आणि पुढच्याच वर्षी शांघाय परकीय व्यापाराला खुलं झालं होतं. पुढे इलियासची वेगळी पेढी निघाली आणि त्याच घराण्यातल्या व्हिक्टर ससूनने हे हॉटेल बांधलं. व्हिक्टरकडे मुंबईत कापडगिरण्यांचा मोठा समूह होता, दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात तो सभासदही होता. १९३०च्या आसपास त्याने आपला पसारा मुंबईहून शांघायला हलवला. म्हणजे वायतानवरच्या सगळ्यात देखण्या इमारतीमागे गिरणगावातल्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसांचे कष्टही आहेत.

हॉटेलात राहणं आपल्या खिशाचं काम नाही, पण लॉबीत जायला कोणी अडवत नाही. सॅक पाठीवर होती, पायांत धुळीचे बूट होते, तरी दारवानाने नम्रपणे दार उघडलं. आत एक अष्टकोनी दालन आहे. त्याच्या रंगीत काचांच्या छतातून पिवळसर उजेड खाली उतरतो. भिंतींवरच्या नक्षीत धावणारे ग्रेहाउंड कुत्रे कोरले आहेत, ते ससूनचं चिन्ह. नवरा त्या कुत्र्यांचे फोटो घेत होता आणि मी पुण्याच्या ससूनच्या बाह्यरुग्ण विभागातली रांग आठवत होते. हा एकच पैसा दोन ठिकाणी दोन रूपं घेऊन उभा राहिला.

आणि या पैशाचं मूळ स्वच्छ नाही. ते अफूत आहे. शिंदे-होळकरांच्या मुलखातल्या माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या धक्क्यावरून चीनला जात असे. बंगालातल्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, माळव्यातल्या अफूवर तिला तसा ताबा मिळवता आला नाही. म्हणून मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांना त्यात शिरकाव मिळाला. इतिहासकार अमर फारुकी यांनी ‘ओपियम सिटी’ या पुस्तकात मुंबईची घडण याच भांडवलाशी जोडून दाखवली आहे आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी कमाई चीनच्या व्यापारातली, अफू आणि कापसाची. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. ससूनांचं दातृत्वही तसंच. लाखो चिनी घरं त्या धुरात उद्ध्वस्त झाली आणि इकडे रुग्णालयं, ग्रंथालयं, शाळा झाल्या. त्या देणग्यांचा लाभ आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतो आहोत. निदान हे ठाऊक असायला हवं. अफूच्या पाठोपाठ सूत गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या गिरण्यांच्या सुताचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक चीनच होता.

वायतानवरच थोडं दक्षिणेला १९२३ साली बांधलेली हाँगकाँग अँड शांघाय बँकेची जुनी इमारत आहे. या बँकेच्या पहिल्या संचालकांतही एक ससून होता. आत दुसऱ्या एका बँकेचा कारभार चालतो. कामाच्या वेळेत दारातून आत जावं आणि मान वर करावी. घुमटाच्या आतल्या कडेने मोझेइकमध्ये आठ शहरं आहेत. लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस, टोकियो यांच्या बरोबरीने कलकत्ताही आहे. १९५०च्या दशकात ही चित्रं लिंपून झाकली होती, म्हणूनच ती टिकली. १९९७ साली लेप काढला तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. मुंबईचं चित्र त्यात नाही, याची मला खरोखर रुखरुख लागली.

पुडोंगबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी फोटोत पाहिलं आहे. १९९०पर्यंत तिथे शेतं, गोदामं आणि चाळवजा वस्ती होती, आता ६३२ मीटरचा शांघाय टॉवर आहे. जोडप्याला माझा सल्ला असा की टॉवरच्या तिकिटाचे पैसे वाचवावेत आणि दोन युआनच्या साध्या फेरीबोटीने नदी ओलांडावी. बोटीत कामावरून परतणारी माणसं आणि त्यांच्या स्कूटरी असतात, आणि दोन्ही काठ एकदम दिसतात. मॅग्लेव्ह तीस किलोमीटर आठेक मिनिटांत कापते. एकदा बसायला हरकत नाही.

जुन्या गावठाणातली युयुआन बाग मात्र वेळ काढून बघावी. मिंग काळातल्या पान युनदुआन या अधिकाऱ्याने आपल्या वृद्ध आईवडिलांसाठी १५५९ मध्ये ती मांडायला घेतली आणि १५७७ साली ती पुरी झाली. पाणी, खडक, भिंतींवरून सरपटत गेलेले ड्रॅगन, आणि नऊ वळणांचा पूल ओलांडल्यावर तळ्यातलं चहाघर. सुट्टीच्या दिवशी पुलावर पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून उघडल्याबरोबर जावं.

शनिवार-रविवारची दुपार राखून ठेवावी ती पीपल्स पार्कसाठी. पूर्वी इथे इंग्रजांचं रेसकोर्स होतं. आता सुट्टीच्या दुपारी तिथे आईवडील जमतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या आणि प्रत्येक छत्रीवर चिमट्याने लावलेला कागद. मुलीचं किंवा मुलाचं जन्मवर्ष, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही, शांघायचा रहिवासी दाखला आहे की नाही. मुलंमुली हजर नसतात, बऱ्याच जणांना आपला कागद इथे लागला आहे हे ठाऊकही नसतं म्हणतात. आपल्याकडचा वधू-वर मेळावाच, फक्त वधूवरांवाचून भरलेला. एका आजींनी आम्हाला थांबवून फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमधून विचारलं, तुमचं लग्न कोणी जमवलं? आम्हीच जमवलं, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि आपल्या छत्रीवरचा कागद नीट केला. १९९०च्या किंवा त्याआधीच्या वर्षात जन्मलेल्या मुलींचे कागद खूप दिसतात. एकुलत्या एका मुलाचं धोरण, घरांच्या आकाशाला भिडलेल्या किमती, उशिराची लग्नं हे सगळं अहवालांत वाचण्यापेक्षा इथे जास्त कळतं. एक विनंती मात्र आहे. छत्र्यांचे फोटो काढताना आधी विचारावं, ती माणसं तिथे काळजीपोटी बसलेली असतात.

जुन्या फ्रेंच वसाहतीत प्लेनच्या झाडांखालून कितीही चाललं तरी थकवा येत नाही. वूकांग मॅन्शन या जहाजाच्या आकाराच्या इमारतीचा वास्तुविशारद लास्लो हुदेक. शांघायमधल्या अनेक देखण्या इमारती त्याच्याच. तिथून माओमिंग रोडच्या बाजूला गेलात तर रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा दिसेल. २०१० साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. चीनमध्ये आपलं माणूस म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात, पण त्यांची कर्मभूमी दूर उत्तरेला हपेई प्रांतात. ती यात्रा वेगळी काढायला हवी.

नदीच्या उत्तरेला होंगकोऊत ज्यू निर्वासितांचं संग्रहालय आहे. हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या जवळपास वीस हजार ज्यूंना या शहराने आसरा दिला, कारण इथे उतरायला व्हिसा लागत नव्हता. सुझोऊ खाडीवरच्या आपल्या एम्बँकमेंट हाऊसचा एक भाग व्हिक्टर ससूनने या निर्वासितांसाठी मोकळा केला होता. आजोबांच्या पेढीने अफू विकली आणि नातवाने निराधारांना छप्पर दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. शांघायच्या प्रसिद्ध रसाळ डंपलिंगमध्ये डुकराचं मांस असतं, ते टाळावं लागेल. पण नानजिंग वेस्ट रोडवर गोंगदलिन हे १९२२ पासूनचं बौद्ध शाकाहारी उपाहारगृह आहे, जेड बुद्ध मंदिरात मशरूम घातलेल्या नूडल्सचा वाडगा मिळतो आणि सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीत पालेभाजी-मशरूम भरलेले वाफाळते बाओ दोन-तीन युआनला मिळतात. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं म्हणता आलं तरी काम होतं, पण मांस चालत नाही हे लिहून दाखवलेलं बरं. पोट भरलं की चालायला हुरूप येतो.

मुंबई-शांघाय विमान सुरू झालं की सहल कंपन्यांच्या जाहिरातींत पुडोंगचे दिवे झळकतील. त्या कंपन्यांना माझं आवर्जून सांगणं आहे की कार्यक्रमात वायतानच्या इमारतींसाठी एक सकाळ ठेवा आणि गाइडला ससूनांची पूर्ण हकिगत सांगू द्या, अफूसकट. आपल्या शाळांनीही मुलांना ससून डॉक आणि लाल देऊळ दाखवताना ती सांगावी. आणि दोघंच निघणाऱ्यांनी १ ते ७ ऑक्टोबर हा चिनी सुट्टीचा आठवडा टाळावा, एप्रिल किंवा नोव्हेंबर निवडावा आणि वायतानला सकाळी सहाच्या आत पोचावं. त्या वेळी तिथे व्यायाम करणारे म्हातारे असतात, गर्दी नसते, आणि प्रत्येक इमारतीच्या दारावरचा फलक थांबून वाचता येतो.