पाण्यापेक्षा हलका, हवेपेक्षा जड!

स्वयंपाकघरातील गॅसचे सिलिंडर बदलताना आत काहीतरी डुचमळल्याचे तुम्हांला कधी जाणवले आहे का? नाव गॅसचे, मग आत द्रव कसा? त्याचे कारण दाब. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात.

हा द्रव पाण्याशी ताडून पाहू. १ लिटर पाणी १००० ग्रॅम भरते. तेवढेच रॉकेल सुमारे ८०० ग्रॅम, तर पारा १३,६०० ग्रॅम! सिलिंडरमधील द्रव मात्र लिटरला जेमतेम ५५० ग्रॅम भरतो. म्हणजे तो पाण्यापेक्षा बराच हलका आहे.

आता हवेकडे वळू. १ लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे पाणी हवेच्या आठशेपटींहून अधिक जड. पण म्हणून हवेला क्षुल्लक समजू नका. १० फूट लांब आणि तितक्याच रुंद व उंच खोलीतील हवा सुमारे ३४ किलोग्रॅम भरते!

सिलिंडरमधील द्रव बाहेर पडताच वायुरूप होतो व सुमारे २५० पट जागा व्यापतो. हा वायू हवेपेक्षा हलका की जड? येथे अ‍ॅव्होगाड्रोचा नियम आठवा. तापमान व दाब सारखे असता समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते. तेव्हा नुसत्या रेणुभारांची तुलना केली की झाले. हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन (२८) व ऑक्सिजन (३२) यांचे मिश्रण. तिचा सरासरी रेणुभार २९. प्रोपेनचा ४४, ब्युटेनचा ५८. म्हणजे हा वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड!

म्हणूनच गळालेला गॅस छताकडे न जाता जमिनीलगत पसरतो. ओट्याखाली, कोपऱ्यात, मोरीत साचून राहतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तो वास आला, तर रेग्युलेटर बंद करा व मोठ्या माणसांना हाक मारा. केवळ वरची खिडकी उघडून भागणार नाही. जमिनीलगतचा गॅस बाहेर जाण्यासाठी दारही सताड उघडा. काडी ओढू नका. विजेचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. त्यातील बारीकशी ठिणगीही स्फोटाला पुरते.

जाता जाता एक प्रश्न. काही शहरांत नळाने घरोघरी येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. त्याचा रेणुभार १६. तो गळाला, तर खोलीत प्रथम कोठे साचेल? उत्तर तुम्हीच शोधा!