महायुद्धाची कारणे आणि कुंभारीची चूल

महायुद्ध हा शब्द आमच्या पेठेत अलीकडे फार सैलपणे उच्चारला जाऊ लागला आहे. सुताचा भाव चढला, परदेशची मागणी थांबली किंवा दूरच्या एखाद्या समुद्रात मालाची जहाजे अडकली की, गादीवर बसलेला व्यापारी वर्तमानपत्र बाजूस सारून म्हणतो, "आता तिसरे महायुद्ध होणार!" या उद्गारात दोन समजुती दडलेल्या असतात. एक अशी की, युद्ध म्हणजे राज्यकर्त्यांच्या मस्तकातील राग. आणि दुसरी अशी की, ते आपल्या हातचे नसल्याने त्याचा विचार करण्यात अर्थ नाही. या दोन्ही समजुती आम्हांस चुकीच्या वाटतात. इतकेच नव्हे, तर त्यांच्यामुळे आमच्या शहराचे नुकसान होते अशी आमची खात्री आहे. सबब आज या विषयाची थोडी साधार चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

ही चर्चा लंडन वा बर्लिन येथून आरंभण्याची वहिवाट आहे. आम्ही ती कुंभारीपासून आरंभितो. सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव लागते. येथील माळावर २००६ साली विडी वळणाऱ्या स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले आहे. पुढे याच गावी रे नगर म्हणून तीस हजार घरांची दुसरी वसाहत योजिली गेली व तिच्यातील पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत असंघटित कामगारांच्या स्वाधीन झाली. यंत्रमाग चालविणारे, विड्या वळणाऱ्या, चिंध्या वेचणारे, वाहने हाकणारे असे हे लोक आहेत. यांतील मागावरच्या माणसाची चूल ज्या मजुरीवर पेटते, ती मजुरी सुताचा भाव, रंगाचा भाव आणि परदेशची मागणी या तीन गोष्टींशी बांधलेली असते. आणि कापूस, कापड व रंग या तीन जिनसांच्या बाजाराचा विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांशी निकटचा संबंध होता, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

पहिल्या महायुद्धाचे कारण शाळेत एका वाक्यात सांगितले जाते: २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. परंतु त्यापूर्वीही राजपुरुषांचे खून झाले होते व त्यांमुळे जग पेटले नव्हते. या वेळी मात्र २८ जुलै रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारले आणि ४ ऑगस्ट रोजी इंग्लंड जर्मनीविरुद्ध उभे राहिले. आठ दिवसांच्या आत युरोपातील बहुतेक मोठी राज्ये रणात उतरली. ही घाई कशाची? जर्मनी, ऑस्ट्रिया व इटली यांचा १८८२ चा तह एका बाजूस आणि फ्रान्स, रशिया व इंग्लंड यांची १९०७ पर्यंत पुरी झालेली जूट दुसऱ्या बाजूस, अशी युरोपची विभागणी होऊन बसली होती. एकाचे भांडण ते सर्वांचे भांडण, असा हा करार होता. जर्मनीने १८९८ पासून कायदे करून आरमार वाढविले. इंग्लंडने १९०६ साली 'ड्रेडनॉट' हे प्रचंड लढाऊ जहाज पाण्यात सोडले. आणि मोरोक्कोवरून १९०५ व १९११ अशी दोन वेळा लढाई होता होता टळली. सैन्याच्या हालचालींची वेळापत्रके इतकी काटेकोर आखलेली होती की, मुत्सद्द्यांस एकमेकांशी बोलण्यास पुरेसा अवधीच उरला नाही. हे झाले राजकीय कारण.

आता आर्थिक कारणाकडे वळू. यासाठी आमच्या रंगाऱ्यांचे पिंप उघडून पाहावे. सोलापूरच्या मागांवरील रंगीत लुगड्यांची कीर्ती जुनी आहे. कुसुंबा, आल व नीळ हे आपल्या देशी मातीतले रंग. परंतु १८६९ च्या सुमारास आलाच्या तांबड्याशी स्पर्धा करणारा अलिझरीन हा रंग जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम रीतीने सिद्ध केला, आणि १८९७ साली तेथील बाडिश कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातील निळीची शेते ओस पडू लागली. १९१४ च्या सुमारास जगातील कृत्रिम रंगांचा बहुतांश धंदा जर्मनीच्या हाती होता. ब्रिटिश सैन्याच्या खाकी कापडाचा रंगसुद्धा जर्मनीहून येत असे! ज्या शत्रूशी लढावयाचे त्याच्याच रंगात गणवेश भिजलेला, असा हा प्रकार. ऑगस्ट १९१४ मध्ये हा पुरवठा बंद पडताच हिंदुस्थानभर रंगाचे भाव भडकले, आणि ज्या विणकऱ्याने साराजेव्होचे नावही ऐकले नव्हते त्याच्या धंद्यास त्या गोळीची झळ लागली.

कोणी म्हणेल की, व्यापाराने जर राष्ट्रे अशी एकमेकांस बांधली गेली होती, तर युद्ध व्हावयासच नको होते. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. इंग्लंड व जर्मनी ही परस्परांची मोठी गिऱ्हाइके होती, आणि युद्धात जिंकणाऱ्याचाही तोटाच होतो असे नॉर्मन एंजल या इंग्रज लेखकाने युद्धापूर्वीच लिहून ठेवले होते. त्याचा हिशेब बरोबर होता. परंतु राज्यकर्ते नफ्यातोट्याचा हिशेब करीत नव्हते, ते भयाचा हिशेब करीत होते. जर्मनीला वाटे, आफ्रिका व आशिया इंग्लंड-फ्रान्सने वाटून घेतले, उद्या आपल्या मालास दार बंद होईल. इंग्लंडला वाटे, जर्मनीचे आरमार व बगदादपर्यंतची तिची नियोजित रेल्वे उद्या हिंदुस्थानचा मार्ग रोखील. आमचे मत असे की, व्यापार युद्ध पेटवीत नाही. बाजाराचे दार शस्त्राने बंद करता येते व शस्त्रानेच उघडता येते, ही समजूत युद्ध पेटविते. आणि त्या खर्चाची हुंडी मात्र ज्याला कोणी मत विचारले नाही त्याच्यावर काढली जाते.

हुंडी कोणावर काढली गेली हे पाहू. हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे त्या युद्धासाठी समुद्रापार गेली. १९१७ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटिश सरकारास दहा कोटी पौंडांची युद्धदेणगी दिली. हा पैसा उभा करण्यासाठी परदेशी कापडावरील जकात साडेतीनवरून साडेसात टक्क्यांवर नेली. देशी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्क्यांचा कर मात्र तसाच ठेवला. ज्या संरक्षणासाठी आमच्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, ते अखेर न्याय म्हणून नव्हे तर युद्धखर्चाची सोय म्हणून मिळाले. गिरण्यांच्या नफ्यास त्या काळात भरती आली. धान्याचे व कापडाचे भावही चढले. मजुरी मात्र त्या मानाने मागे राहिली. १९२० साली सोलापूरच्या गिरणी कामगारांनी संप केला तो याच पार्श्वभूमीवर. युद्धाचा नफा एका घरी व महागाई दुसऱ्या घरी, अशी ही वाटणी होती.

दुसऱ्या महायुद्धाची कथा आमच्या व्यापाऱ्यांस अधिक बोचणारी आहे, कारण तिच्यात आम्ही केवळ बळी नव्हतो. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीस अपमान व कर्ज एकदमच दिले; १९२१ साली दंडाची रक्कम १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरली. तरीही १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षास तीन टक्के मतेही मिळाली नव्हती. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, जगात मंदी पसरली, जर्मनीत सुमारे साठ लाख लोक बेकार झाले, आणि जुलै १९३२ मध्ये त्याच पक्षाने सदतीस टक्क्यांवर मते घेतली. मंदीवर उपाय म्हणून प्रत्येक देशाने आपल्या दारी जकातीची भिंत उभारली. अमेरिकेने १९३० साली जकाती वाढविल्या. ब्रिटिश साम्राज्याने १९३२ च्या ओटावा परिषदेत आपापसांत सवलती ठरवून परक्यांस दूर ठेवले.

या भिंतींपैकी एक आमच्याच बंदरांत होती. १९३१ च्या अखेरीस जपानने आपले चलन सोन्यापासून सोडविले, ते स्वस्त झाले, व जपानी कापडाचा हिंदुस्थानात पूर आला. तेव्हा जून १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिशेतर कापडावर ७५ टक्के जकात बसविली. ब्रिटिश कापडावर ती २५ टक्केच राहिली. गिरणीवाल्यांस आनंद झाला. पण जपान हा आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचा मोठा गिऱ्हाईक होता. त्याने हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, आणि गिरणीच्या दारी जे संरक्षण होते ते कापूस पिकविणाऱ्याच्या दारी संकट ठरले. १९३४ च्या करारात हा तंटा मिटला: जकात ५० टक्क्यांवर आली, आणि जपानने पंधरा लाख गाठी कापूस घ्यावा व त्याबदली चाळीस कोटी वारांपर्यंत कापड येथे आणावे, असे ठरले. हा समेट तोफेवाचून झाला, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवावे.

जपानच्या लष्करशहांनी मात्र दुसरा मार्ग धरला. त्यांनी १९३१ सालीच मांचुरिया गिळला होता व १९३७ साली चीनवर उघड आक्रमण केले. बाजार बंद झाले म्हणून प्रदेश जिंकणे भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. भिंत बांधणाऱ्याची चूक मान्य करूनही दुसऱ्याच्या घरात शिरून कत्तल करणाऱ्याचा अपराध त्यामुळे तिळभरही कमी होत नाही. तसेच जर्मनीतील साठ लाख बेकारांवरून युरोपातील साठ लाख यहुद्यांच्या हत्येचा उलगडा होत नाही. तो वंशद्वेषाचा स्वतंत्र अपराध आहे. अर्थकारण दारूगोळा पुरविते. बत्ती लावणारा हात माणसाचाच असतो व त्याची जबाबदारीही त्याचीच.

त्या चीनच्या रणभूमीवर आमच्या शहराचा एक सुपुत्र गेला. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमींची शुश्रूषा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. जपानी कापडाचा भाव पेठेत सर्वांस ठाऊक होता. जपानी बंदुकीची किंमत त्यांनी मोजली.

हिंदुस्थानचे मत या वेळीही कोणी विचारले नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींस न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढे कापड इतके दुर्मिळ व महाग झाले की १९४३ साली सरकारास त्याच्या भावावर नियंत्रण आणावे लागले. कापडाच्या शहरातील गरिबास कापड मिळू नये, याहून मोठी विटंबना ती कोणती?

हा इतिहास उगाळण्याचे प्रयोजन आता सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर दोन हप्त्यांत मिळून ५० टक्के जकात बसविली, तेव्हा टॉवेल व चादरी विणणाऱ्या या शहरास १९३३ ची आठवण व्हावयास हवी होती. आठवण झाली ती थोड्यांस; बहुतेकांनी युद्धाच्या गप्पा केल्या. जकातीची प्रत्येक भिंत युद्धापर्यंत जाते असे आमचे म्हणणे नाही. १९३४ चा करार त्याविरुद्ध साक्ष आहे. परंतु भिंती वाढत जातात, त्यांच्याआड राष्ट्राभिमानाची भाषा चढत जाते आणि करार करणारा मनुष्य भित्रा ठरू लागतो, ती वेळ ओळखावी.

आमच्या व्यापारी वाचकांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. संरक्षणाची मागणी करताना त्या जकातीचा उलटा फटका कोणत्या शेतकऱ्यास व मजुरास बसेल हे विचारल्यावाचून ती करू नये, आणि एकाच देशाच्या मागणीवर आपले सर्व माग बांधून ठेवू नयेत. तसेच तेजीच्या दिवसांत मजुरीस वाटा न देता मंदी येताच पहिली कात्री मजुरीस लावण्याची रीत सोडावी. १९२० चा धडा एवढ्यासाठीच दिला आहे.

तिसरी सूचना सर्वच सुशिक्षितांस आहे. कुंभारीच्या वसाहतींत वाचनालये चालवावीत, आणि तेथे सायंकाळी विडी वळून थकलेल्या बाईलाही कळेल अशा भाषेत जकात, चलन व तह म्हणजे काय हे सांगावे. १९१४ साली व १९३९ सालीही तिच्या आजी-पणजीस कोणी विचारले नाही. त्यांना मत नव्हते. तिला मत आहे. ते मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास तिने नळ व रस्ता यांबरोबर सुताचा भाव का चढला आणि तुम्ही तहाच्या बाजूचे की तंट्याच्या, हेही विचारावे. असे प्रश्न कुंभारीच्या ओट्यांवरून विचारले जाऊ लागले, तर युद्धाच्या गोष्टी सैलपणे करणाऱ्यांस पुष्कळ जपून बोलावे लागेल.