टोळीत वांदरं किती?

रामटेकचा गड पाहिलास ना? खापरखेड्याहून सहल तिकडे जातेच जाते. आणि पायऱ्यांवरची ती वांदरं! हातातला फुटाण्यांचा पुडा कधी गायब होतो, कळतसुद्धा नाही.

तर या मंडळींवर एक जुनं कोडं आहे. किती जुनं? ११५० सालचं! घातलं कोणी? गणिती भास्कराचार्यांनी. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. आजोबांचे ग्रंथ मुलांनी शिकावेत म्हणून नातवाने तिथे चक्क एक मठ काढला होता!

आता कोडं ऐक. टोळीचे सारखे आठ भाग कर. एका भागात जितकी वांदरं, त्या आकड्याचा वर्ग कर. तितकी रानात खेळतायत. उरलेली १२ टेकडीवर ओरडतायत. टोळी केवढी?

थांब, वर्ग म्हणजे तुझा पाचवीचा वर्ग नव्हे हं! अंगणात कंचे मांड. २ ओळी, प्रत्येक ओळीत २. झाले ४. हा २ चा वर्ग!

टोळी १६ ची धरू. आठवा भाग २, त्याचा वर्ग ४. सोळातून चार गेले, उरले १२. जमलं!

पण आता ४८ धरून बघ. आठवा भाग ६, वर्ग ३६. उरले... पुन्हा १२! अरेच्चा, दोन्ही उत्तरं बरोबर!

असं कसं? टोळी आठ-आठने वाढवत जा आणि टेकडीवरची वांदरं मोज. ८ ला ७. मग १२, १५, १६. आणि नंतर? १५, १२, ७! थेट ६४ ला शून्य, सगळी रानात!

ओळखीचं वाटतंय? मैदानात चेंडू वर फेक. शाळेच्या खिडकीसमोरून तो दोनदा जातो. एकदा चढताना, एकदा उतरताना. आपले १२ ही तसेच, दोनदा भेटतात. अगदी वरचं टोक मात्र एकदाच. टोळी ३२ ची, टेकडीवर १६.

आणि टेकडीवर १७ हवी असली तर? उत्तरच नाही! आपल्या खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीच्या टोकाला तुझा चेंडू कधी लागलाय का?

दहावीतली ताई याला 'वर्गसमीकरण' म्हणते. म्हणताना तोंड वाकडं करते, पण वांदरांचं तिला कोणी सांगितलंच नसेल!

भास्कराचार्यांचं आणखी एक कोडं आहे. टोळीच्या पाचव्या भागातून ३ काढ, उरेल त्याचा वर्ग कर. तितकी गुहेत गेली, एकच फांदीवर दिसतंय. उत्तरं दोन येतात: ५० आणि ५.

पण ५ त्यांनी बाद केलं! कारण ५ चा पाचवा भाग १. एकातून तीन काढायची? डब्यात लाडू एक आणि खायचे तीन! आकडेमोड जुळते रे, पण लोकांना हे पटायचं नाही, असं ते म्हणाले.