गॅस आला, चूल राहिली

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातली ४५ टक्के वस्ती शहरी होती. पण शहराचा परिणाम नगरपालिकेच्या हद्दीशी थांबत नाही, तो गावातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतो.

पुण्याजवळच्या चाकणच्या आसपास पाहा. जमीन कारखान्यांना गेली की बांधावरची बाभूळ जाते, गुरं विकली जातात, म्हणजे गोवऱ्याही गेल्या. इंधन विकत घेणं आलं. कोकणात जमीन शाबूत असते, पण मुंबईच्या चाकरमान्याने पाठवलेल्या पैशांतून फ्रिज, मिक्सर, टीव्ही येतात आणि विजेचं बिल चढतं.

मात्र चूल सहजासहजी विझत नाही. चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी सरपणावर, अशी वाटणी घरोघरी दिसते. भाकरी चुलीवरचीच चांगली, हे कारण खरं; पण त्याहून खरं कारण पैशाचं. १४.२ किलोच्या सिलिंडरला एकरकमी रक्कम लागते, सरपण 'फुकट' मिळतं. फुकट कसलं? मोळी आणणाऱ्या बाईचे तास कुणी मोजत नाही एवढंच. शिवाय साध्या चुलीत लाकडाची बहुतेक उष्णता वाया जाते आणि धूर तिच्याच छातीत जातो.

१ मे २०१६ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅसजोडण्या पोचवल्या. पण जोडणी मिळाली म्हणजे सिलिंडर पुन्हा भरला जातोच असं नाही. म्हणून एखाद्या गावाची पाहणी करताना जोडणी आहे का एवढंच विचारू नका. सिलिंडर शेवटचा कधी भरला, तेही विचारा.