परळ ते धारावी, सहा ओळींत

वर्गणीच्या नोंदी करायला चार रात्री लागायच्या, यंदा एका संध्याकाळी आटोपल्या, असं लालबागच्या एका गणेशोत्सव मंडळातल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं. चार रात्री कुठे गेल्या, ते बघायला मी गेलो.

मंडळाचं कार्यालय म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची खोली. कोपऱ्यात ताडपत्री, टेबलावर पावतीपुस्तकांचा गठ्ठा. मसाल्याचा हंगाम सरला तरी मिरची गल्लीतला ठसका अधूनमधून आत येतो आणि लॅपटॉपपुढची मुलगी शिंकत शिंकत टाइप करते. ती कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेजारी पेन्सिल घेऊन खजिनदार काका. एका गिरणीच्या टाइम ऑफिसात त्यांनी मस्टर लिहिलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते नोकरीत नवे होते. “मस्टरवर आम्ही खाली-खाली टिंबं मारायचो,” ते म्हणाले. “तेच हे.”

तेच, पण पुरतं तेच नाही. मस्टरवरचं टिंब वरचा मजकूर जसाच्या तसा खाली आणायचं. एक्सेलचं ऑटोफिल, म्हणजे वरची नोंद खाली ओढून भरायची सोय, मध्येच स्वतःचं डोकं लावतं. एका घरात 1 लिहून कोपऱ्यातला चौकोन खाली ओढला तर सगळीकडे 1 च येतो. 1 आणि 2 अशी दोन्ही घरं निवडून ओढलं की क्रम लागतो. चौकोनावर दोनदा क्लिक केलं, तर शेजारचा रकाना जिथवर भरलाय तिथवर सगळं आपोआप उतरतं. हे ती एका दमात करून दाखवते.

पत्त्याच्या रकान्यात मात्र तिनं ‘परळ, मुंबई 400012’ लिहून खाली ओढलं आणि काका ओरडले, “अगं, परळवाल्यांना कुठे पाठवतेस?” मजकुराच्या शेवटी आकडा असला की एक्सेल तो एकेकानं वाढवतं. 400013, 400014, आणि सहाव्या ओळीत 400017, म्हणजे धारावी. रकान्यात नाव परळचं, पिनकोड धारावीचा. लगेच मागे घेऊन तिनं कंट्रोल-डी दाबलं, पत्ता जसाच्या तसा उतरला. असे वाढलेले पिनकोड पडद्यावर चुकीचे दिसतच नाहीत, हीच त्यातली मेख.

खोली क्रमांकासाठी ती फ्लॅश फिल वापरते. शेजारच्या रकान्यात नमुना एकदा दाखवायचा, कंट्रोल-ई दाबायचं. ‘बी-14’ मधली विंग वेगळी, खोली वेगळी. विमानात शेजारी बसलेल्या बाईंनी एक्सेलमधल्या नावांची अडचण विचारली आणि मायक्रोसॉफ्टच्या सुमित गुलवानींना लगेच उत्तर देता आलं नाही. तिथून निघालेली ही सोय 2013 च्या एक्सेलमध्ये आली. मूळ नोंद नंतर बदलली तर फ्लॅश फिलनं भरलेलं आपोआप बदलत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

काकांचा जीव अडकतो तो रद्द पावतीत. पावती क्रमांक आधीच ओढून भरलेले असतात. मधली एखादी रद्द पावती टाइप करायची राहिली की पुढची प्रत्येक रक्कम एक घर वर सरकते. बेरीज बरोबर येते, माणसं चुकतात. तिसऱ्या मजल्यावरच्यांचे 501 दुसऱ्याच्या नावावर पडतात, आणि चाळीत हे पैशांचं नाही, मानाचं भांडण होतं. म्हणून काका दर पुस्तकाची शेवटची पावती पडद्याशी ताडून पेन्सिलीनं खूण करतात. मी बसलो होतो तेवढ्या वेळात मुलीचा हात कमी चालला, काकांची पेन्सिल जास्त.

चार रात्री वाचल्या, हे खरंच आहे; पण तो वाचलेला वेळ काकांच्या खुणांना द्यावा लागतो. तेवढं केलं नाही तर ऑटोफिल चुकाही तितक्याच वेगानं उतरवतं. तुमच्या मंडळाची किंवा सोसायटीची यादी करत असाल, तर पिनकोड पत्त्यात घालू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा, आणि रद्द पावतीचीही ओळ शून्य रक्कम टाकून लिहा.