आकाशातील न दिसणारे बहुसंख्य

डोंगरमाथ्यावर उभे राहून रात्री सभोवारच्या मुलखाकडे पाहिले, तर कित्येक कोसांवरील शहराचे दिवे लखलखताना दिसतात. पायथ्याच्या झोपडीत मिणमिणणारी चिमणी मात्र दिसत नाही. एवढ्यावरून कोणी 'या मुलखात झोपड्या नाहीतच' असा निष्कर्ष काढला, तर आपण त्याला हसू. परंतु आकाशाच्या बाबतीत मनुष्याने पुष्कळ काळ नेमकी हीच चूक केली आहे. विश्वात कोणत्या प्रकारचे तारे, दीर्घिका व ग्रह सर्वांत अधिक आहेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच इतके उशिरा हाती आले.

प्रथम ताऱ्यांचा विचार करू. ज्येष्ठेचा तांबूस तारा आपणांपासून सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षे दूर आहे. मृगातील राजन्य त्याहूनही दूर. तरीही ते ठळक दिसतात, कारण ते राक्षसी तारे असून सूर्याच्या सहस्रावधी पट तेजस्वी आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत अशा दूरच्या श्रीमंतांचाच भरणा फार. परंतु सूर्याभोवतीचा थोडा प्रदेश आखून घेऊन त्यातील झाडून सारे तारे मोजले, म्हणजे चित्र पालटते. शंभर ताऱ्यांपैकी जवळजवळ पंच्याहत्तर तारे 'तांबडे बटुतारे' या एकाच जातीचे निघतात. सूर्यासारखे तारे शंभरांत दहाही भरत नाहीत. आणि आश्चर्य असे की, या पंचाहत्तरांपैकी एकही सामान्य दृष्टीला दुर्बिणीवाचून दिसत नाही!

सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी याच जातीचा आहे. दक्षिण भारतात उन्हाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाजवळ मित्र नावाचा तेजस्वी तारा दिसतो. त्याच भागात, परंतु त्याहून किंचित जवळ, ४.२४ प्रकाशवर्षांवर प्रॉक्झिमा हा तारा आहे. रॉबर्ट इनिस यांनी जोहान्सबर्ग येथील वेधशाळेतून तो १९१५ साली शोधून काढला. तोपर्यंत या शेजाऱ्याचा कोणालाच पत्ता नव्हता. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे एक-अष्टमांश आहे. तो आज दिसतो त्याच्या शंभरपट तेजस्वी असता, तरच अंधाऱ्या रात्री डोळ्यांना जेमतेम दिसला असता.

हे बटुतारे इतके विपुल का? एक तर तारे ज्या वायुमेघांतून घडतात, त्यांत लहान गोळे अधिक व मोठे थोडे तयार होतात. दुसरे कारण त्यांच्या काटकसरीत आहे. मोठा तारा आपले इंधन उधळून काही दशलक्ष वर्षांतच संपतो. लहानशा बटुताऱ्यात मात्र सर्व द्रव्य सतत ढवळले जात असल्यामुळे जवळजवळ सगळा हायड्रोजन ज्वलनास उपयोगी पडतो, आणि तोही अत्यंत सावकाश. अशा ताऱ्याचे आयुष्य काही लाख कोटी वर्षांचे असते. विश्वाचे वय अवघे १३.८ अब्ज वर्षे आहे. अर्थात आजवर जन्मास आलेल्या तांबड्या बटुताऱ्यांपैकी एकालाही अद्याप वार्धक्य आलेले नाही.

दीर्घिकांची कथाही निराळी नाही. १९२६ साली एडविन हबल यांनी दीर्घिकांचे विवृत्ताकार, सर्पिल व अनियमित असे वर्गीकरण केले. पुस्तकांतील चित्रांत बहुधा सर्पिल दीर्घिकाच असतात. त्या सुंदर आहेत, त्याला इलाज नाही. परंतु आपल्या शेजारच्या दीर्घिकासमूहात आकाशगंगा, देवयानी आणि त्रिकोण तारकासमूहातील एक, अशा तीनच काय त्या ठळक सर्पिल आहेत. बाकीच्या बहुतेक सर्व फिकट बटुदीर्घिका होत. हार्लो शॅप्ली यांनी १९३८ मध्ये शिल्पकार तारकासमूहातील अशी एक दीर्घिका जाहीर केली. धनू राशीच्या दिशेची बटुदीर्घिका तर मॅगेलनच्या मेघांहूनही जवळ असताना १९९४ पर्यंत आकाशगंगेच्या गर्दीआड लपून राहिली होती.

ग्रहांच्या बाबतीत प्रारंभीची फसगत आणखी मोठी होती. १९९५ साली मिशेल मायर व दिदिए केलो यांनी महाश्व तारकासमूहातील सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती अवघ्या सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा घालणारा गुरूसारखा प्रचंड ग्रह शोधला. पुढे असे आणखीही सापडू लागले. ग्रहाच्या ओढीने ताऱ्याला बसणारे हेलकावे मोजण्याची ती रीत होती, आणि जड व जवळच्या ग्रहामुळेच मोठे हेलकावे बसतात. जाळ्याचे भोकच मोठ्या माशाच्या मापाचे होते! वस्तुतः असे तप्त गुरू शंभर ताऱ्यांत एखाद्याभोवतीच असतात. २००९ ते २०१८ या काळात केप्लर दुर्बिणीने ताऱ्यांसमोरून जाणाऱ्या ग्रहांची सावली टिपून अडीच हजारांहून अधिक ग्रह शोधले. त्यांत पृथ्वीहून मोठे, पण नेपच्यूनहून लहान, अशा ग्रहांची संख्या सर्वांत मोठी ठरली. आपल्या सूर्यमालेत या मापाचा एकही ग्रह नाही. ते खडकाळ आहेत, जलमय आहेत की दाट वायूने वेढलेले आहेत, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे.

ही मोजणीही अंतिम नव्हे. पृथ्वीहून लहान ग्रहाची सावली इतकी पुसट असते की, ती आजच्या यंत्रांच्या नजरेतून सहज निसटते. प्रॉक्झिमाभोवती सुमारे अकरा दिवसांत फिरणारा, निदान पृथ्वीइतक्या वस्तुमानाचा एक ग्रह आहे. तो २०१६ साली सापडला, म्हणजे त्याचा तारा सापडल्यानंतर एकशे एक वर्षांनी.